चौकोनी सूर

मारुंजी
९ नोव्हेंबर २०२४

इंदू वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे उघडलंत, एवढंच मला पुष्कळ आहे.

फोन का केला नाही, असं म्हणू नका. फोनवरचं बोलणं माझ्या कानामागच्या मशीनला अजून पेलत नाही. समोर माणूस असलं, त्याचे ओठ दिसले, की बोलणं बरंचसं कळतं. फोनमध्ये नुसता खरखराट. आणि तुम्ही मेसेज उघडून बघत नाही, असं तुमचा समर्थ आमच्या रवीला म्हणाला. नातू कशाला खोटं सांगेल? म्हणून सुरतेपर्यंत पोस्टानं.

तुमचे भाऊ बरे आहेत. गुरं विकली तरी पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन येतात. रवीनं ओढ्याकडच्या वावरात बांधलेली इमारत आता भाडेकरूंनी भरली. तुम्ही गेलात तेव्हा नुसते खांब उभे होते. सगळी हिंजवडीला जाणारी पोरं, आणि एकदोघं चाकणच्या कंपन्यांतले.

त्याच इमारतीतली एक गोष्ट सांगायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगितली तर म्हणेल, बाईला वेड लागलं. तुम्हीही म्हणाल, पण तुम्हाला आधी कळेल.

वरच्या मजल्यावर परभणीकडची एक मुलगी राहते. उत्कर्षा नाव. कम्प्युटरवर काम करते, अर्धे दिवस घरूनच. तिच्या खालच्या खोलीत सनी. तो चाकणला रात्रपाळी करून सकाळी येतो आणि दिवसा झोपतो. त्यानं रवीकडे तक्रार केली की वरती दिवसभर टुकटुक, टिंगटिंग चाललेलं असतं, पोरगी काय लहान मुलांचे गेम खेळते की काय कळत नाही, डोळा लागत नाही. मग दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. रवी मला म्हणाला, "आई, तूच जाऊन सांग. ऐकत नसंल तर खोली सोड म्हनावं. मी एकट्या पोरीच्या दारात उभा ऱ्हायलो तर बरं दिसत न्हाई."

तुमचे भाऊ ओसरीवरून म्हणाले, "आवाजाची तक्रार घिऊन बहिरीला धाडतोस व्हय?"

मी हसले नाही. पण गेले.

दार उघडंच होतं. ती पलंगावर मांडी घालून बसलेली, हातात करड्या रंगाचा एक डबा, वडाच्या पानाएवढा. त्याला बटणं, वर हिरवट काच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या डब्यातून आवाज आला.

वन्सं, तुम्हाला माहीत आहे ना, तापानं कान गेल्यावर आणि ऑपरेशननं ते मशीन बसवल्यावर मला गाणं कसं ऐकू येतं? पिंपात खडे टाकून कुणी ते पिंप गडगडत न्यावं, तसं. रेडिओ असो, देवळातलं भजन असो, सगळं एकच. पुण्यात मशीन जुळवून देणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बोलणं येईल, गाण्याची आशा फार धरू नका. मी धरली नव्हती.

त्या डब्यातून टुक, टुक, टुक असा एक एक सूर आला. सुटासुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा. आणि तो चढला. मला कळलं की तो चढला! मग उतरला, मग थांबला, मग परत तिथूनच चढला. माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला, आणि पडला तो बरोबर जागेवर.

मला दारात बघून मुलगी घाबरली. "सॉरी मावशी, बंद करते. आवाज खाली यायलाय का?"

मी म्हटलं, "बंद नको करू."

"काय?"

"परत लाव. पहिल्यापासनं लाव."

तिनं लावलं. मी उंबऱ्यातच बसले. संपलं की म्हणायची, परत. ती बिचारी लावत राहिली. मला मशीन बसवलंय, हे तिला तोवर दिसलं होतं. 

खाली आले तर रवी उभा. "सांगितलंस?"

"व्हय."

"काय म्हनाली?"

"उद्या परत ये म्हनाली."

वन्सं, गाणं नाही म्हणत मी त्याला. पण एकामागून एक येणारे सूर मला एकामागून एक ऐकू आले. एवढं सांगायला हे पत्र.

मंजुळा


मारुंजी
१ डिसेंबर

इंदू वन्सं,

तुमचं उत्तर नाही. नसू दे. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तो डबा म्हणजे गेमबॉय. जपानी खेळणं आहे, उत्कर्षाच्या जन्माच्याही आधीचं. पोरं त्यावर गेम खेळायची. तिच्या मामानं कुठूनसा आणून तिला लहानपणी दिला. खेळता खेळता तिचं लक्ष खेळावरून उडालं आणि मागे वाजणाऱ्या सुरांवर बसलं. आता ती त्यात एक वेगळी कॅसेट घालते, गाणी बांधायची. काचेवर आकड्यांची आणि अक्षरांची उभी रांग येते, ती वरून खाली वाचत जायची. प्रत्येक ओळीला एक सूर. ती बटणं दाबून एकेक सूर त्या रांगेत ठेवते. पेरणी करावी तसं. जगभर असे वेडे लोक आहेत म्हणे, जुन्या गेमच्या आवाजात नवी गाणी करणारे. ही दिवसा कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात हे.

मी विचारलं, "एवढ्याशा डब्यात बाजा कुठं बसवलाय?"

ती हसली. "बाजा नाही मावशी. चारच आवाज आहेत त्यात. आणि एकेका आवाजाला एका वेळी एकच सूर म्हणता येतो."

चार आवाज, वन्सं! दोन सरळ गाणारे. तिसरा असा की त्याचा आवाज कसा असावा ते आपण चित्र काढून ठरवायचं. आणि चौथ्याला सूरच नाही, नुसता सुपात धान्य पाखडल्यासारखा सूं-सूं. त्यातून ती ढोल काढते, टाळी काढते, वारासुद्धा काढते. मी म्हटलं, म्हणजे ओसरीवर चार बाया बसल्या असं समज. ती म्हणाली, "हो. आणि चौथीला गाता येत नाही, ती फक्त सूप वाजवायलीय." मी इतकी हसले की मशीनचा लोहचुंबक डोक्यावरून निसटला.

तो आवाज मलाच का कळतो, हेही तिनं दाखवलं. तिच्या कम्प्युटरवर आवाजाची लाट दिसते. माणूस गातं तेव्हा ती लाट काट्याकुट्यांच्या कुंपणासारखी दिसते, एकात एक गुंतलेली. आणि डब्याचा सूर लावला तर काय दिसावं? चौकोन. वर सपाट, खाली सपाट, मध्ये सरळ भिंत. जिन्याच्या पायऱ्यांसारखा. मी काचेला बोट लावून बघितलं. माझ्या डोक्यात आत ज्या तारा बसवल्यात त्या मोजक्या आहेत, गुंतागुंत त्यांच्यात मावत नाही. हे सूर असे मोकळे, एका वेळी एकच, म्हणून ते आत जाऊ शकतात. पुण्याच्या मॅडमना विचारलं, त्याही म्हणाल्या, बरोबर आहे, ताल आणि एकच एक चाल आधी कळते, ऐकत राहा, सराव होऊ द्या. त्यांनाही आनंद झाला. उत्कर्षाचा नंबर लिहून घेतला त्यांनी.

मग या मुलीनं जे केलं ते मला अजून नवल वाटतं. तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, "मावशी, सूर वर गेला की हात वर करा. खाली गेला की खाली. नाही कळलं तर गुडघ्यावर ठेवा." दोन दोन सूर लावत गेली. जवळजवळचे सूर असले की माझा हात गुडघ्यावरच. लांबचे असले की कळायचं. काही ठिकाणी तर लांबचेही सारखेच वाटले. सगळा दिवस गेला त्यात. पडद्याआड बसलेल्या माणसाला धान्य ओळखायला लावावं तसं. शेवटी ती म्हणाली, "आता मला तुमचा कान माहीत झाला. यात जेवढे सूर आहेत तेवढ्यातच मी तुमच्यासाठी बांधते."

आणि तिनं बांधलं, वन्सं. एका माणसाच्या मोडक्या कानासाठी. छोटंसंच होतं, लहान मूल पायऱ्यांवरून उड्या मारत जातं तसं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही पायरी न चुकता ऐकलं. संपलं तरी मी डब्याकडेच बघत होते. ती म्हणाली, "आवडलं नाही का?" मी तिच्या तोंडावरून हात फिरवला.

एवढ्या सुरांना मुकलेल्या बाईला सूर कळेनात, म्हणून ही पोरगी सूरच निवडून आणते! देव कुठं कुठं राहतो बघा. पेन्सिल सेलवर चालतो.

रवीला मी सांगून टाकलं, ती जाणार नाही. तिला आपल्या घरातल्या कणगीच्या खोलीत आणलंय, तिथून आवाज कुणाला जात नाही. सनी झोपतो निवांत.

मंजुळा


मारुंजी
२२ डिसेंबर

इंदू वन्सं,

तुमचं कार्ड आलं. अक्षर बारीक झालंय तुमचं.

तुम्ही लिहिलंत, गाण्याचं मला काही लिहू नकोस, मी गाणं सोडलं. कधी सोडलं तेही लिहिलंत. माझ्या लेकीच्या, रूपालीच्या हळदीला.

मी ते कार्ड तुमच्या भावांना दाखवलं नाही.

त्या दिवसाचं आपण कधी बोललो नाही. रूपाली पाटावर बसलेली, तुम्ही जात्याच्या बाजूला, आणि आपण दोघी आळीपाळीनं म्हणायचो ती तुमच्या आईंची ओवी तुम्ही एकटीनं उचललीत, कारण मला ती आता उचलता येणार नव्हती. मशीन नुकतंच बसवलेलं. गाता गाता तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि अर्ध्या ओळीत थांबलात. मांडवात सगळ्या बाया तुमच्याकडे बघायला लागल्या. तुम्ही उठून आत गेलात. दुसऱ्या दिवशी सुरतेची गाडी. नंतर या घराची पायरी तुम्ही चढला नाहीत.

तुम्हाला वाटलं, तुमच्या गाण्यानं माझ्या कानाला त्रास झाला म्हणून माझं तोंड तसं झालं. नाही, वन्सं. कानात तर नुसता पत्रा वाजत होता. पण तुमचे ओठ मला दिसत होते. ओळ कुठली चाललीय ते मला कळत होतं.

पिवळं झालं जातं, पिवळा झाला हात,
लेकी तुझ्या हळदीची घमघमली वाट.

ओळ कळली म्हणून मी रडत होते. तुमच्यामुळे नाही.

आता मागणं मागते, आणि तुम्ही नाही म्हणणार हेही मला माहीत आहे.

उत्कर्षाला मी म्हटलं होतं, आमच्या घरात एक ओवी आहे, ती या डब्यात घाल. ती म्हणाली, "तुम्ही म्हणा, मी ऐकून घेते." मी दार लावलं आणि म्हटली. किती वर्षांनी! शब्द सगळे होते. ताल होता. ती डोळे मिटून ऐकत होती. मी पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली. मग तिनं डबा बाजूला ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले.

"मावशी, सूर दरवेळी वेगळा यायलाय."

मला वाटलं होतं, चाल माझ्या गळ्यात आहे. कान गेले तरी गळा कुठं जातो! पण कानावाचून गळ्याला वाट दिसत नाही. मी खोलीत आले, मशीन काढलं आणि दोन दिवस लावलंच नाही. तुमचे भाऊ समोर येऊन हातवारे करून जेवायला बोलवायचे.

आईंची ओवी आता एकाच गळ्यात उरली आहे. तुमच्या. त्यांच्या पश्चात आपल्या दोघींशिवाय कुणी म्हटलीच नाही. रूपालीला येत नाही, भावकीतल्या सुनांना डीजे लागतो. तुम्ही सोडली म्हणजे ती गेली.

समर्थच्या फोनमध्ये म्हणा. एकदाच. कुणी नसताना म्हणा. माझ्यासाठी नको असेल तर आईंसाठी म्हणा. मला ती कळणार नाहीच. पण या मुलीला कळेल.

मंजुळा


मारुंजी
१९ जानेवारी २०२५

वन्सं,

रवीच्या फोनवर तुमचा आवाज आला त्या दिवशी घरात काय झालं, ते सांगते.

रवी ओसरीवर उभा राहून ऐकत होता. तुमच्या भावांना कसला आवाज म्हणून ते बाहेर आले, आणि उभ्या उभ्याच खांबाला धरून राहिले. "ही इंदी हाय," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला विचाराल तर मला पिंप आणि खडे. पण त्यांच्या तोंडावर मी तुमचं गाणं बघितलं.

उत्कर्षानं ते कानाला लावून ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग म्हणाली, "पहिली ओळ म्हणताना त्यांचा आवाज फुटलाय. थांबल्यात. मग परत म्हटलंय. मागे कुकरची शिट्टी यायलीय." मी म्हटलं, म्हणजे सकाळी स्वयंपाकघरातच म्हटली वन्संनी. सून बाहेर गेल्यावर.

आणि मग ती म्हणाली, "मावशी, ही चाल माझ्या डब्यात बसत नाही."

तिनं समजावलं. डब्याला पायऱ्या आहेत, आणि तुम्ही 'घमघमली' म्हणताना जिथं जाता ती जागा दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे. त्या जागेला नाव नाही. ती म्हणाली, "आजपर्यंत मी असं काही केलेलं नाही. मला शिकावं लागंल."

ती शिकली. कंपनीचं काम आटपलं की कणगीच्या खोलीत बसायची. डब्याचा सूर घसरवता येतो, हलवता येतो, अगदी केसाएवढा. एकेका शब्दासाठी तिनं ते आकडे बदलून बदलून बघितले. दोन्ही कानांत तुम्ही, समोर डबा. मी चहा नेऊन ठेवायची, तो तसाच साय धरायचा. एकदा मला म्हणाली, "तुमच्या वन्सं किती अवघड गातात हे त्यांना माहीत आहे का?" मी म्हटलं, "न्हाई. आमी आपलं दळताना म्हनायचो."

शेवटी तिनं दोन चाली केल्या. एक तुमची, जशीच्या तशी. आणि दुसरी तीच, पण माझ्या कानासाठी ताणलेली. जिथं तुमचा सूर थोडासा चढतो, तिथं माझा भरपूर चढतो, म्हणजे मला कळावं. एकाच माणसाची लहान आणि मोठी सावली असते ना, तशी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं हाक मारली. सनीनं मला एक वायर करून दिलीय, डब्यातून सरळ माझ्या मशीनमध्ये जाणारी. तो कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. या पोरीला घालवा म्हणणारा हाच, आणि आता रोज विचारतो, काकू, वायर नीट चालतेय ना.

वायर लावली. उत्कर्षानं बटण दाबलं.

आधी सूप. मग पहिला चौकोनी सूर. मी पायऱ्या मोजल्यासारखी ऐकत होते, चढला, उतरला, थांबला. चांगलं आहे, म्हटलं, पण ही आपली ओवी आहे असं अजून पोटातून येत नव्हतं. आणि मग पहिली ओळ संपताना, 'हात' म्हणून झाल्यावर, डब्यानं श्वास घेतला.

वन्सं, तुम्ही तिथं श्वास घेता. नेहमी उशिरा घेता, ओढून घेता, आई त्यावरून तुम्हाला बोलायच्या. त्या पोरीनं त्या चौथ्या आवाजातून, त्या नुसत्या सूं-सूंमधून, तुमचा श्वास केला होता. मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं तुमच्या आवाजात ऐकलं आणि ठेवला.

त्या श्वासानंतरची ओळ चौकोनी नव्हती. ती तुमची होती. मला तुम्ही दिसलात, पदर खोचून जात्यावर वाकलेल्या, कपाळावर पीठ. शब्द नव्हतेच त्या डब्यात, तरी मला 'लेकी' ऐकू आलं, 'वाट' ऐकू आलं. तापाच्या आधी ऐकलेलं तुमचं सगळं गाणं कुठंतरी आत गोळा होऊन बसलं होतं, आणि त्या चार आवाजांच्या खेळण्यानं जाऊन त्याचं दार वाजवलं. कान माझे गेले होते, वन्सं. तुम्ही गेला नव्हतात.

मी तिथं जमिनीवर डोकं टेकलं. कुणाला नमस्कार केला मला माहीत नाही. डब्याला, पोरीला, तुम्हाला, आईंना. उत्कर्षा घाबरून म्हणायला लागली, "मावशी, असं काय करायलात, उठा ना." आणि तीही रडत होती.

भावकीतल्या सायलीची हळद पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही यावं.

तुमची
मंजुळा


मारुंजी
१७ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही आला नाहीत. गुडघ्याचं कारण समर्थनं कळवलं. मी ते खरं धरून चालते.

आता काय झालं ते ऐका.

डीजेवाला पिंपरीचा होता. भिंतीएवढे त्याचे स्पीकर. उत्कर्षा आणि सनी सकाळीच त्याच्याकडे गेले. तो डबा बघून म्हणाला, "हे काय राव, लहानपणीचा गेम? हळदीत?" सनी म्हणाला, "भावा, तू फक्त वायर घे."

त्या वायरीचं सांगते, कारण ते मला अजून पुरतं पचलेलं नाही. त्या डब्याला दोन बाजू आहेत, डावी आणि उजवी, आणि चारांतला कुठला आवाज कुठल्या बाजूनं बाहेर जावा ते ठरवता येतं. उत्कर्षानं तुमची खरी चाल डाव्या बाजूला ठेवली आणि माझी ताणलेली उजव्या बाजूला. सनीनं वायर अशी फोडली की डावी बाजू स्पीकरला जावी आणि उजवी माझ्या कानात. म्हणजे एकाच डब्यातून, एकाच क्षणाला, मांडवाला तुमची ओवी ऐकू यावी आणि मला माझी. दोन्ही एकदम सुरू, दोन्ही एकदम बंद. सरळ गाणारे ते दोन आवाज आपल्या दोघी नणंद-भावजयांना एकेक मिळाले.

दुपारी सायलीला पाटावर बसवलं. हळदीची परात आली. डीजे थांबला. तेवढ्या बाया, पोरी, लेकरं, सगळी गप्प. भावकीतली भिमाबाई मोठ्यानं म्हणाली, "मंजुळा गानार हाय? तिला तर ऐकायला येत न्हाई." ते मला ओठांवरून कळलं. रवीची मान खाली गेली. तुमचे भाऊ मात्र सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून बसले होते, धुतलेली टोपी घालून.

उत्कर्षानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

सूप सुरू झालं. मग तुमची पहिली ओळ. पोरी हसल्या. हसणारच, गेमचा आवाज तो. एकदोघींनी तोंडाला पदर लावला. पण तुमच्या वयाच्या ज्या बाया होत्या, त्या हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. भिमाबाईचा हात हवेत थांबला, हळदीनं भरलेला. तिचे ओठ हलले: "ही तर इंदूची." तुमच्या नावानं मांडव कसा फिरला ते मी बघितलं, वन्सं. मागच्या बाया पुढे सरकल्या. कुणीतरी लेकराच्या तोंडावर हात ठेवला. हसणाऱ्या पोरी हसायच्या थांबल्या, आणि त्यांना आपण का थांबलो तेही कळलेलं नव्हतं.

डब्यात उत्कर्षानं फक्त तुमच्याच ओळी ठेवल्या होत्या. माझ्या ओळींच्या जागी तिनं नुसतं सूप ठेवलं होतं, बाकी मोकळं. "ती जागा तुमची आहे मावशी," असं म्हणाली होती. "मी भरणार नाही."

तुमची ओळ संपली. जागा आली. सूप वाजतंय आणि दुसरं काही नाही. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. माझ्या आवाजाचं काय होतंय ते मला कळणार नव्हतं, तो माझ्या कानात पत्र्यासारखाच येतो. उत्कर्षानं सांगितलं होतं, ऐकू नका, फक्त म्हणा. मी डोळे मिटले नाहीत. सायलीच्या पिवळ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं.

सुरात होते की नव्हते, मला माहीत नाही. कुणाला विचारलंही नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. तुमच्या भावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, भिमाबाईच्या गालावर तिचीच हळद लागली होती, एवढं मी बघितलं. मी माझी ओळ पुरी केली, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि थांबले.

आणि तुमची पुढची ओळ वेळेवर आली.

मंजुळा